देवघरातला सतरा

बाळांनो, काल फोनवर तुमच्यापैकी एकजण सहज म्हणाला, "आजी, लॉटरीत तेवीस कितीतरी आठवडे आला नाही, आता येणारच." हेच वाक्य मी पूर्वी या घरात ऐकलं आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

तेव्हा ऑनलाइन लॉटरी नवीनच आली होती. निवृत्त झालेले तुमचे आजोबा संध्याकाळी पंचवटीत भाजीला जात आणि उशिरा, सुकलेली मेथी घेऊन परतत. एवढा वेळ ही मेथी कुठे हिंडते, असा मला संशय आला. विचारलं तर म्हणाले, "लॉटरीच्या दुकानात निघालेल्या आकड्यांचा तक्ता लावलाय. सतरा कधीचा निघाला नाही. आता ठेव मोडून एकदाच मोठं खेळू."

ती ठेव तुमच्या बाबांच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी होती.

एकोणपन्नासातून सहा आकडे निवडायचे. मी मांडून दाखवलं, सहाही जुळण्याची शक्यता जवळपास एक कोटी चाळीस लाखांत एक. "आणि अहो, मागच्या वेळी काय निघालं ते आकड्याला आठवत नसतं."

"तुझं गणित पुस्तकातलं गं."

मग मी कोजागरीच्या हाऊझीची पिशवी काढली. त्यात एकोणपन्नासपर्यंतच्याच सोंगट्या ठेवल्या. रोज चहानंतर सहा काढायच्या, बघायच्या, परत टाकायच्या. महिना गेला, सतरा येईना. माझ्याच हिशेबाने असं पन्नासात एखाद्या वेळी घडावं. आता मलाही शंका येऊ लागली.

"तू बोटांनी चाचपून वगळतेस त्याला!"

"मी? तुम्हीच खिशात घातला असेल!"

शेवटी पिशवी पालथी घातली. सतरा त्यात नव्हताच. आजोबा उठून देवघरात गेले आणि गणपतीखालच्या वस्त्राच्या घडीतून सोंगटी काढून आणली. लवकर निघावा म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी सतरा देवापाशी ठेवला होता, आणि परत टाकायला विसरले होते.

"वा! देवालाच दिलात, मग निघेल कुठून?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "घरातल्या पिशवीत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "त्या लॉटरीच्या मशीनच्या पोटातलं मला काय कळणार?"

माझ्या कोटी-लाखांनी जे झालं नाही, ते या शंकेने झालं. ठेव मोडली नाही. मेथी पुन्हा ताजी येऊ लागली. सोंगटी मात्र त्यांनी होती तिथेच नेऊन ठेवली.

सतरा अजून देवघरातच आहे. हाऊझीत त्याच्या जागी आजोबांच्या शर्टाचं बटण आहे.