बिनऔषधाच्या डिशमधली चरबी

उंदराच्या चरबीचा वास केसातून जात नाही, खरं सांगते. शिकेकाई लावा, साबण लावा, काहीच होत नाही. पीएचडीच्या लॅबमध्ये माझं कामच ते. उंदराच्या पोटातली चरबी कापायची, तिच्यातल्या कोवळ्या पेशी वेगळ्या करायच्या, काचेच्या डिशमध्ये वाढवायच्या. ह्या पेशी आधी साध्या असतात, चपट्या, लांबट. मग आतले काही जीन जागे होतात अन् पेशी तेलाच्या थेंबांनी टम्म भरते! जीन कोणते, त्यांले जागं कोण करते, हे तेव्हा कोणालेच पक्कं माहीत नव्हतं. आमच्या सरांले वाटे, एका औषधानं होते. म्हणून अर्ध्या डिशांत औषध, अर्ध्या बिनऔषधाच्या. फरक दिसला तर माझा थिसिस. नाही दिसला तर मार्चमध्ये फेलोशिप खतम, अन् घरचे म्हणतच होते, पुरे झालं आता शिक्षण.

पेशींले खायले सीरम लागते. बाहेरचं मिळता मिळेना, म्हणून मी सकाळी सायकलनं खाटकाकडे जायची. बकऱ्याचं रक्त बाटलीत धरायचं, गोठू द्यायचं, वर आलेलं पिवळं पाणी काढून घ्यायचं. उरलेला गोळा बाटलीतून पचकन् पडे. शी! दर रविवारी मटण हाणणारी मी, त्या साली वांग्याच्या भाजीवरची तेलाची तर्रीही बाजूले काढून राहिली होती.

प्रयोगाच्या आठव्या महिन्यात डिशांमध्ये चरबी लाल करणारा रंग टाकला. औषधवाल्या पेशी लालेलाल! मी नाचलीच. मग बिनऔषधाची डिश पाहिली. तीही लालेलाल.

दोन्हींत सारखं होतं ते फक्त सीरम. सीरमची बाटली उजेडात धरली. पिवळं, स्वच्छ पाहिजे, अन् हे ताकासारखं पांढुरकं. किती दिवसांपासून असंच येत होतं, अन् सर म्हणे, "चांगलं पौष्टिक दिसते."

तशीच खाटकाकडे गेली. "चाचा, बकऱ्याले काय खाऊ घालता?"

तो खुश. "अरे बेटी, मोटापेवर शोध करते म्हणाली होती ना तू? तुझ्यासाठी खास मोटा बकरा ठेवतो. कापायच्या आधी पोटभर सरकीची ढेप, तेलकट पेंड. दुबळ्याचं रक्त तुले काहून देऊ?"

ढेपेतलं तेल बकऱ्याच्या रक्तात, रक्तातून सीरममध्ये, अन् सीरममधून माझ्या सगळ्याच डिशांत.

सरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला. "औषधवाल्या डिशचाच फोटो लाव. दुसरीचा काढूच नको."

"पण सर, दुसरी डिश आहे ना."

"मग फेकून दे. कोण विचारते?"

रक्ताची किळस सवयीनं सहन होत होती. पण सर बोलून राहिले होते अन् मी मनात म्हणत होती, खरंच, कोण विचारते? तो विचार किती आरामात येऊन बसला होता माझ्या डोक्यात! तेव्हा अंगावर जो शहारा आला, तसा खाटकाकडे कधीच आला नव्हता.

दोन्ही डिशांचे फोटो काढले. वहीत बाजूबाजूनं चिकटवले, खाली लिहिलं, सीरममध्येच चरबी, प्रयोग वाया. सही केली. सरांनी पाहिलं अन् वही टेबलावर आपटली.

"मार्चनंतर काय करशील वं?"

"माहीत नाही, सर."

खरंच माहीत नव्हतं. उरलेलं सीरम सिंकमध्ये ओतलं, नळ पूर्ण सोडला. तरी कडेले तेलकट पांढरी रेघ राहिलीच. ती नखानं खरवडून काढावी लागली.