आषाढातली बरणी

नव्याने लिहिणारी मुलं-मुली घरी येतात आणि विचारतात, "तुम्हाला कथा सुचते कुठून?" मी म्हणते, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्यांना वाटतं म्हातारी थट्टा करतेय. मग मी सल्ला देते, की जे पाहाल ते बदलून लिहा, आणि बदललंय असं वाटलं की आणखी एकदा बदला. हा सल्ला मला पुस्तकांतून मिळालेला नाही. एका रविवारी माझी जी पाचावर धारण बसली, तिच्यातून मिळालाय.

पन्नासच्या दशकात आम्ही पार्ल्याला पूर्वेला राहत होतो. दुपारी भांडी आवरली की मी खिडकीशी पाट टाकून लिहायला बसे. मासिकांचे संपादक गोष्टी साभार परत पाठवण्यात मोठे तत्पर. शेवटी वैतागून मी तीन गोष्टींचं एक बारकं पुस्तक स्वतःच छापून घेतलं. "आमंत्रण येत नाही, तर आपणच मांडव घालायचा म्हणतेस!" असं आमचे हे म्हणाले. त्यातली एक प्रत मी सायकलवरून घरोघर पुस्तकं बदलून देणाऱ्या वाचनालयवाल्याला दिली. आपलं पुस्तक गल्लीत दारोदार फिरणार म्हणून मी नुसती हुरळून गेले होते.

समोरच्या इमारतीत एक विधुर गृहस्थ आणि त्यांची लेक राहत. ते कचेरीत जात, ती घर सांभाळून टायपिंग शिके. पुस्तकाच्या आधीच्या पावसाळ्यात मला एक गंमत दिसली होती. पोरगी मधूनच दुपारी तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली चिनीमातीची बरणी गॅलरीच्या कठड्यावर आणून ठेवायची. मुरांब्याला ऊन दाखवतात ते चैत्र-वैशाखात. आषाढात, आभाळ गच्च भरलेलं असताना, बरणी बाहेर कोण काढतं? आई नसलेली पोर, तिला कोण शिकवणार, असं म्हणून दुसऱ्या एखादीने सोडून दिलं असतं. मी त्या बरणीची गोष्ट केली, पुस्तकातल्या तिन्हींपैकी एक. गोष्टीत बरणी म्हणजे खूण होती, बाबा घरी नाहीत, कोपऱ्यावर ये. मुलगा मी आपला पोटजातीबाहेरचा घातला. त्यापुढे जायची माझी छाती नव्हती. बापाला कळतं आणि तो आठ दिवसांत लेकीला लांबच्या खेड्यातल्या बिजवराच्या गळ्यात बांधतो, असा शेवट केला. तो लिहून झाल्यावर मी स्वतःच रडले होते, इतका मला तो आवडला होता.

पुस्तक गल्लीत फिरायला लागलं आणि एका रविवारी दुपारी ती मुलगी माझ्या दारात उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"काकू, तुम्हाला बरणीचं कोणी सांगितलं?"

"अगं, कोण सांगणार? मी रचलं ते."

"रचलं? मी कालच वाचलं. सगळं तसंच आहे, काकू. फक्त माझा तो तुमच्या गोष्टीतल्या मुलासारखा नाही. तो गावठाणातला आहे, ख्रिस्ती." ती भिंतीला टेकली. "नुसत्या पोटजातीसाठी त्या बापाने एवढं केलं, तर माझे बाबा काय करतील? आणि पुस्तक आत्ता त्यांच्या हातात आहे. जेवून वाचत पडलेत."

मी तिला म्हटलं, पुरुषांना बरण्यांतलं काय कळतंय, तू घरी जा. ते तिला पटलं नाही आणि मलाही नाही. ती गेल्यावर मी खिडकी लावून घेतली. पुढचे दोन-तीन तास मी नुसती घाबरत होते. मनात तिला बोहल्यावर चढवली, बिजवराच्या घरी धाडली, तिथल्या विहिरीपर्यंतसुद्धा नेली. वाईट कल्पना करायची सवय लागलेल्या माणसाने भिऊ नये, ते फार महागात पडतं.

दिवेलागणीला तिचे बाबा आले. हातात माझं पुस्तक. आमचे हे बाहेर गेलेले. "वहिनी, पाणी देता?" म्हणाले. मी दिलं.

"बरणी मी कितीदा पाहिली होती," ते म्हणाले. "कचेरीतून लवकर आलो की दिसायची. हिची आई असती तर पावसाळ्यात बरणी बाहेर पाहून तिला लगेच कळलं असतं, मला उलगडायला जरा वेळ लागला. पण उलगडलं. तो मुलगाही पाहून आलो लांबून. फिटर आहे. नीट वाटला."

"मग तुम्ही बोलला नाहीत तिच्याशी?" मी विचारलं.

"भीती वाटली हो. आपण विचारायचं आणि ती खोटं बोलली तर? म्हटलं, आज ना उद्या आपण होऊन सांगेल. वाट पाहत होतो." त्यांनी पुस्तक पाटावर ठेवलं. "या गोष्टीतला बाप वाचून मात्र घाबरलो. वहिनी, हे तिने नाही ना वाचलेलं?"

मी गोष्टी रचणारी बाई. त्या वेळी मला एक साधं खोटं सुचेना.

"वाचलंय," मी म्हटलं. "दुपारी आली होती. फार घाबरलीय."

ते दाराकडे वळले आणि म्हणाले, "तुम्ही चला माझ्याबरोबर. एकट्याने घरी जायचा धीर होत नाही मला."

रस्ता ओलांडून आम्ही त्यांचा जिना चढलो. दाराला आतून कडी होती. त्यांनी कडी वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग दाराच्या फटीशी तोंड नेऊन, शेजारच्या बिऱ्हाडाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, "बाळ, मी तसा नाहीये गं."