चिंचेनं उजळलेल्या पुंगळ्या

एखादी वस्तू घातक आहे असं कळल्यावरही तुम्ही ती घरात शाबूत का ठेवता?

मी जयसिंगपूरला होतो, तेव्हा मामीचा फोन आला. सरावाच्या मैदानावर आबामामांची रायफल त्यांच्या तोंडावर फुटली होती. मी दवाखान्यात पोचेपर्यंत मामा गेले होते...

मामा शिरोलीच्या कारखान्यात लेथवर होते. परवान्याची रायफल आणि नेमबाजी हा त्यांचा एकच शौक. उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या परत भरण्याआधी ते एकेक तपासत. टोक वाकवलेली तार आत घालून हळूहळू फिरवत. तार अडली की आत तडा. तशी पुंगळी परत भरून उडवली तर रायफलच फुटायची, म्हणून ती बाद. नव्वदच्या दशकात मी शाळकरी होतो, तरी तार अडल्यावर मामांचा थांबणारा श्वास मला ऐकू यायचा. मैदानावरचे सोबती हसत. "आबा, पुंगळीची नाडी बघताय व्हय?"

"बघतोय की. तडा आतनं पडतोय, पावणं. भायेरनं पितळ हासतच असतंय."

एवढा सावध माणूस, पण बाद पुंगळ्या त्यांनी कधी चेपून निकामी केल्या नाहीत. गावच्या देवळासाठी त्यांना त्या पितळेची घंटा ओतून घ्यायची होती, म्हणून त्या डब्यात साठत गेल्या. भरायच्या पुंगळ्यांचा डबा शेजारीच. ओळखायची खूण एकच... बाद त्या काळ्या, भरायच्या त्या तपासून घासलेल्या.

यंदा घंटा ओतणारा ओतारी ठरला. देवाला द्यायचं पितळ आधी उजळतात, ही आमच्याकडची रीत. मामीनं बाद पुंगळ्या चिंच लावून घासल्या, उन्हात वाळवल्या आणि परत डब्यात भरल्या. दोन्ही डबे सारखेच चमकू लागले. मामांनी हात घातला तो चुकीच्या डब्यात. चकाकी बघून त्यांना वाटलं, या तपासून झाल्यात.

मामी आता जेवत नाही. "देवाला काळं पितळ कसं द्यायचं, म्हणून घासलं रं. म्याच मारलं त्यास्नी." भेटायला येणारे म्हणतात, नशीब. ते गेल्यावर ती पुन्हा तेच म्हणते. हे नशीब नाही आणि मामीचा गुन्हाही नाही. मरण डब्यात शाबूत ठेवलं होतं आणि ते कुणी तिला सांगितलं नव्हतं. मामांवर माझा जीव होता, तरी हे लिहितो.

मामीला भेटायला याल तेव्हा नशिबाचं नाव काढू नका. हातात हात घ्या आणि म्हणा, "तुला सांगायला हवं होतं." मी रोज म्हणतो, पण मी घरचा, माझ्या एकट्याच्या म्हणण्यानं तिला ते पटत नाही.