खंडेनवमीला धुतलेला खंजीर

खंजीर माझा नव्हता, हे मी आईला चार वेळा सांगितलं होतं.

तो आमच्या हॉस्पिटलमधल्या एका फिलिपिनो नर्सचा. तिच्या पणजोबांचा, कमरेला लावायचा, वीतभर, दुधारी. त्यांच्याकडे त्याला गुनाँग म्हणतात. अमिरातीतल्या अल ऐनमध्ये मी हॉस्पिटलची यंत्रं सांभाळतो आणि सुट्टीच्या दिवशी जुनी हत्यारं ओळखून दुरुस्त करतो, हे तिला कुणीतरी सांगितलेलं. तिच्या भावाचं म्हणणं, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांनी खरा खंजीर कधीच विकून खाल्ला, घरात राहिला तो बाजारातला नकली. त्यावरून तो वडिलांशी बोलत नव्हता. खरा की खोटा, एवढंच तिला हवं होतं.

पण मी पडलो जाणकार. गंज हाही पुरावा असतो, घाईने घासायचा नाही, हे माझं तत्त्व. फोटो काढले, मापं घेतली, इंटरनेटवरच्या हौशी मंडळींना पाठवली. सात जणांनी नऊ मतं दिली. मी आपला पात्यावर तेलाचं बोट फिरवत राहिलो. तिसऱ्या महिन्यात तिचे वडील गेले. आठ दिवस गावी जाऊन आली, तेव्हाही ती मला एवढंच म्हणाली, "नो रश, सर."

नवरात्रात आई पुण्याहून आली. खंडेनवमीला ड्यूटीवरून घरी येतो तो पाटावर माझे पाने, ड्रिल, मुलीचा लॅपटॉप आणि त्यांच्या रांगेत हा खंजीर, लखलखीत, वर हळदकुंकू. पूजेला गंजकं हत्यार कसं मांडायचं, म्हणून आईने तो चिंचेच्या कोळात भिजवून घासला होता. माझं डोकंच फिरलं. चार महिन्यांची राखण, मुठीच्या पितळेवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला रंग, सगळं मोरीत. मी वाट्टेल ते बोललो. मुलगी म्हणाली, "बाबा, चिल," तर तिच्यावरही ओरडलो.

"अरे, घासल्याशिवाय वस्तू कळते का?" आई म्हणाली.

तणतणतच खंजीर उचलला आणि दिव्याखाली धरला. आंबटाने पातं उघडं पडलं होतं. टोकापर्यंत चिरोट्यासारखे पदर. लोखंड-पोलादाचे थर एकावर एक ठेवून हाताने ठोकलेलं पातं. बाजारू नकलेत नुसता कापलेला पत्रा असतो. वडिलांनी काहीही विकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नर्सला घरी बोलावून ते पदर दाखवले. तिने तिथूनच भावाला फोन लावला. त्यांची भाषा मला येत नाही, पण पलीकडे तो रडत होता हे कळत होतं. फोन ठेवून तिने विचारलं, हे शोधायला किती वेळ लागला.

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. आईला तेवढं इंग्रजी येतं. चहाचा कप नर्सपुढे ठेवत ती कौतुकाने म्हणाली, "टेन मिनिट."