अभिमन शिपायाचा शेवटचा लिफाफा

जळगावात संध्याकाळी सात वाजले की केबलवर रत्ना दिसते. फिकट साडी, ताठ मान, ठणठणीत आवाज. पाणीकपात, केळीचे भाव, नगरसेवकांची भांडणं, सगळं गेली नऊ वर्षं तिनंच वाचलं. बाई किती शांत, असं लोक म्हणायचे. शांत कसली! ती दबा धरून बसली होती.

चॅनल प्रेमराजभाऊंचं. बारा वर्षांपूर्वी एरंडोलकडच्या एका कॉलेजात बारावीचा पेपर फुटला आणि या चॅनलनं चार दिवस एकच चेहरा दाखवला, कॉलेजचा शिपाई अभिमन याचा. चेहऱ्याभोवती लाल गोल आणि खाली ठळक अक्षरांत 'पेपरफोड्या'. रत्ना त्याची एकुलती एक मुलगी, आणि नेमकी त्याच वर्षी बारावीला बसलेली. तिला चांगले मार्क पडले तेव्हा गावानं पेढे खाल्ले आणि पाठ वळताच तोंडं वाकडी केली.

दोन वर्षांनी चौकशी संपली. पेपर भलतीकडेच फुटला होता. अभिमन निर्दोष. तसं लिहिलेला सरकारी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो लेकीला घेऊन चॅनलच्या ऑफिसात गेला आणि बाकड्यावर तीन तास बसला. प्रेमराजभाऊंनी मोबाइलमधून मान वर केली नाही.

"आबा, शिळी बातमी कोण बघतं?" एवढंच म्हणाले.

अभिमन जिना उतरताना कठड्याला धरून उतरला. रत्नानं त्याच जिन्यावर ठरवलं: हा कागद याच चॅनलवर वाचला जाईल, आणि मी वाचीन.

ती तेव्हा धुळ्यात शिकत होती. लग्नांत, सत्कारांत सूत्रसंचालन करून तिनं आवाज कमावला आणि वर्षभरानं त्याच ऑफिसात अर्ज टाकला. अर्जावर बापाचं नाव स्पष्ट होतं. प्रेमराजभाऊंनी ते वाचलं, आणि त्यांच्या कपाळावर आठीही पडली नाही. एखाद्याचं आयुष्य नासवून ते विसरून जाणारा माणूस तिला शत्रूपेक्षा वाईट वाटला. नोकरी मिळाली.

पण वाचणार कशी? प्रत्येक ओळ प्रेमराजभाऊंच्या लाल पेनाखालून जायची. सुटका फक्त निधनवार्तेला. मागे एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याच्या निधनवार्तेतून जावयांची नावं गाळली होती. दुसऱ्या दिवशी तिन्ही जावई आणि निम्मी भाऊबंदकी ऑफिसात! एकानं तर खुर्चीच उचलली. तेव्हापासून भाऊंचा नियम होता, घरच्यांनी दिलेला मयताचा कागद जसाच्या तसा वाचायचा, आणि गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवसापर्यंत रोज तीन वेळा दाखवायचा.

रत्नाला ही वाट दिसली होती. पण ती बापाच्या मरणावरून जात होती, म्हणून ती तो विचार झटकून टाकायची.

अभिमननं झटकला नाही. लेकीची बातमी तो रोज निधनवार्तेतल्या शेवटच्या फोटोपर्यंत बघायचा. गेल्या हिवाळ्यात छातीचं दुखणं बळावलं तेव्हा त्यानं तिला जवळ बसवलं आणि एक लिफाफा हातात दिला. तीस वर्षं प्रश्नपत्रिकांची पाकिटं सांभाळलेला हात तो. लिफाफ्याच्या तोंडावर लाख, लाखेवर ठसा, जोडावर आडवी सही.

"मी मरसू तवय फोडजो. बठ्ठास्ना समोर. आन तुनाच आवाजमा वाचजो." म्हणजे तो गेल्यावरच, सगळ्यांसमोर, आणि तिच्याच आवाजात.

"नाना, काय लिखेल शे याम्हा?"

"फोडाना आधी कसं सांगू? मी शिपाई शे, पेपरफोड्या नही."

श्रावणात तो गेला. तिसऱ्या दिवशी रत्ना स्टुडिओत हजर झाली. सुतकातली पोर कामावर आली म्हणून ऑफिस हळहळलं. प्रेमराजभाऊंनी स्वतः तिच्यासाठी चहा मागवला. ती तो प्यायली नाही.

सातची बातमी थेट जायची. निधनवार्तेची वेळ आली तशी तिनं लिफाफा कॅमेऱ्यासमोर धरला. "हा माझ्या वडिलांचा कागद. सील शाबूत आहे, पाहून घ्या." मग तिनं लाख फोडली आणि वाचू लागली.

"मी अभिमन, सेवानिवृत्त शिपाई, वारलो आहे. मागे पत्नी कमलबाई आणि मुलगी रत्ना आहेत. बारा वर्षांपूर्वी याच चॅनलनं मला चार दिवस पेपरफोड्या म्हटलं. चौकशीत मी निर्दोष ठरलो. तो कागद घेऊन मी इथे तीन तास बसलो, पण प्रेमराजभाऊंनी वाचला नाही. आता वाचला जाईल, कारण मेलेल्या माणसाचा कागद ते कापत नाहीत. माझ्या गंधमुक्तीला त्यांनी जेवायला यावं, ही विनंती."

तिचा आवाज एकदाही हलला नाही. नऊ वर्षं तिनं तो याच कामासाठी घासूनपुसून ठेवला होता. काचेपलीकडे प्रेमराजभाऊ उठून उभे होते. कॅमेऱ्यामागच्या किरणकडे बघून हात हलवत होते, आणि किरण जाणूनबुजून त्यांच्याकडे बघत नव्हता.

बातमी संपताच ते आत आले. चेहरा पांढराफटक. "बेटा, झालं ना तुझ्या मनासारखं? आता पुन्हा नको दाखवायला."

"गंधमुक्ती अजून आठ दिवसांवर आहे, भाऊ. नियम तुमचाच." तिनं माईक काढून टेबलावर ठेवला. "आणि घाबरता कशाला? शिळी बातमी कोण बघतं?"

सगळ्यांनी बघितली. आठ दिवस, रोज तीन वेळा. ती थांबवायची प्रेमराजभाऊंची छाती झाली नाही. खुर्ची उचलणारा जावई त्यांना अजून आठवत होता. अभिमनला चोर म्हणणारे गावकरी दारावर सांत्वनाला बसायला आले की कमलबाई आधी टीव्ही लावायची आणि मगच पाणी द्यायची.

गंधमुक्तीला गाव लोटलं. पंगत बसली. पहिल्या ओळीत, दारासमोर, कमलबाईनं एक ताट वाढून घेतलं आणि त्यापुढं कोणाला बसू दिलं नाही. लोक जेवले, हात धुऊन उठले, दुसरी पंगत बसली. ताटातला भात वाळला. प्रेमराजभाऊ आले नाहीत.

रत्ना ताट उचलायला वाकली. आईनं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," कमलबाई म्हणाली. "बठ्ठास्ले दखू दे."