गोणपाटाखालचं कडं

महिपत पाष्टे आधी असा नव्हता, हे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कोणीही सांगितलं असतं. मंडणगडाकडच्या डोंगरातून तरुणपणी उतरून तो बर्फाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला, तेव्हापासून त्याच्या हत्यारांच्या पिशवीचं तोंड कायम उघडं. कोणी पाना मागितला की दिला. परत आला तर आला, नाहीतर पुढच्या वेळी त्याच माणसाकडून मागून आणायचा आणि आपलाच पाना आहे हे हसत सांगायचा. असा माणूस त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर पिशवीला कुलूप लावायला लागला. बायकोलाच पहिल्यांदा कळलं. कमळा बोलली, "पिशवीला कुलूप कशाला ओ? आत काय सोनं हाय?"

"तुला काय करायचंय?" महिपत बोलला. असं तो तिला कधी बोलला नव्हता.

झालं होतं असं. कारखान्याची यंत्रं तापू नयेत म्हणून विहिरीवरून एका लोखंडी पायपाने पाणी यायचं. समुद्राचा खारा वारा तो पाइप सारखा खायचा. आज इथे भोक, उद्या तिथे. गळती लागली की पाणी बंद, पाणी बंद की यंत्र बंद, आणि बाहेर बंदरात मासे भरलेल्या होड्या बर्फासाठी ताटकळत उभ्या. मग शिव्या खायला महिपत. रबराची पट्टी गुंडाळून वर लोखंडी पट्टा आवळला तरी दोन दिवसांत पाण्याच्या जोराने पुन्हा पाझर सुटायचा.

एकदा सायकलमध्ये हवा भरताना पंपातल्या चामड्याच्या वायसरवर त्याचं लक्ष गेलं. आपण दांडा दाबतो तेव्हा वायसरची कड हवेच्याच जोराने फुलते आणि नळीला चिकटून बसते. म्हणजे जोर जेवढा जास्त, तेवढी पकड घट्ट. मग पायपावरच्या रबरालाही तशीच तिरकी ओठासारखी कड ठेवली तर? गळणारं पाणी त्या ओठामागे शिरेल आणि स्वतःच त्याला पायपावर दाबून धरेल. ज्या पाण्याशी आपण भांडतोय, त्यालाच कामाला लावायचं.

ही गोष्ट त्याने त्याच संध्याकाळी सदू भाटकराला सांगितली. सदूचं बंदराजवळ होड्यांच्या कामाचं वेल्डिंगचं दुकान होतं. महिपत दुपारचा डबा तिथेच खायचा, आणि सदू रविवारी कमळेच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं खायला यायचा. दोघांनी मिळून कडं बनवलं: बिजागरीने जोडलेल्या दोन अर्धगोल पट्ट्या आणि आत तिरक्या कडेचं रबर. नट-बोल्ट लावायला घेतले तेव्हा सदूच बोलला, "पाणी तोंडावर उडत असताना नट कुठल्या हाताने धरशील? पाचर ठोकूया." त्याने पट्ट्यांच्या टोकांना कान काढले, त्यांत तिरकी खाच पाडली आणि लोखंडाची पाचर करून दिली. एक हात कड्यावर, दुसरा हातोडीवर. चार ठोक्यांत गळती थांबली, आणि महिना उलटला तरी थेंब आला नाही.

महिपतने हे हरिहर आठल्यांना सांगितलं. आठल्ये मास्तरांनी तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात आयुष्य घालवलं होतं. त्यांच्या न्हाणीघराचा नळ दुरुस्त करता करता विषय निघाला. मास्तर टॉवेल खांद्यावर तसाच टाकून बाहेर आले.

"महिपत, याचं पेटंट घ्यायला हवं. म्हणजे तुझ्या परवानगीशिवाय कोणी बनवायचं नाही. मुंबईत माझा मावसभाऊ अशा कामातल्या वकिलाकडे आहे. मी ड्रॉइंग काढून देतो. पण एक ध्यानात ठेव. अर्ज नोंदला जाईपर्यंत हे चारचौघांत दाखवत बसू नकोस. बभ्रा झाला की हक्क गेला."

त्या वाक्याने महिपतच्या डोक्यात घर केलं. तोवर त्याच्याकडे चोरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून चोर कसा दिसतो याचा विचार त्याने कधी केला नव्हता. आता त्याला सगळीकडे तोच दिसायला लागला. कारखान्यातल्या कड्यावर त्याने गोणपाट गुंडाळलं. कोणी त्या बाजूला विडी प्यायला थांबला तरी हा तिथे जाऊन उभा. ड्रॉइंगसाठी त्याने कड्याचा लाकडी नमुना केला होता, तो घरात जागेवर दिसला नाही तेव्हा त्याने कमळेच्या माहेरच्या माणसांचीही नावं घेतली. नमुना तांदळाच्या डब्याखाली होता. डबा डुगडुगतो म्हणून तिनेच लावला होता. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही.

अर्ज करायला तो मास्तरांबरोबर मुंबईला जाऊन आला. नाव एकट्याचं लागलं. सदूला त्याने सांगितलंच नाही. पुढे सांगू, असं मनाशी म्हणाला, आणि ते पुढे राहिलं ते राहिलंच.

मग एक दिवस सदूच्या दुकानात सफारी घातलेला माणूस दिसला. कोल्हापूरकडचा, पंपांचा विक्रेता. सदू आणि तो जमिनीवर वाकून काहीतरी बघत होते. महिपत जवळ आला तसा सदू उठला आणि तो माणूस स्कूटरवर बसून गेला. जमिनीवर खडूने दोन अर्धगोल काढलेले होते.

"कोण होता?"

"पंपवाला. माझ्या अंगणात दुकान टाकायचं बोलतोय."

"आणि ह्ये काय?"

"इंजिनाच्या धुराड्याचा पट्टा. एका नाखव्याच्या होडीचा तुटलाय." सदूने पायाने खडू पुसला. नेमकं तेच महिपतला खुपलं. खरं असतं तर पुसलं कशाला असतं? त्या दिवसापासून तो डबा कारखान्यातच खायला लागला. सदूने दोनदा विचारलं. महिपत कामाचं निमित्त सांगून सुटला.

त्यानंतरच्या वर्षी दाभोळचा एक खलाशी बर्फ भरायला आला होता. वाऱ्याने गोणपाट सरकलं होतं. तो वाकून बघायला लागला आणि महिपत धावला.

"लपवतोस कशाला रे?" खलाशी हसला. "असलं कडं आमच्या दाभोळात हाय की. रावजीच्या धक्क्यावर."

महिपतने गोणपाट तसंच सोडलं. दाभोळ! सदूची बहीण दाभोळात दिली होती. गणपतीला सदू तिकडेच गेला होता. सगळं कसं जागच्या जागी बसलं: खडूचे अर्धगोल, सफारीवाला, दाभोळ. तो तसाच ओल्या कपड्यांनी सदूच्या दुकानात गेला. तिथे दोन नाखवे आणि बर्फ फोडणारे दोघे चहा पीत बसले होते.

"किती कडी विकलीस दाभोळात?"

सदूने डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. "कसली कडी?"

"साळसूदपणा करू नकोस. माझ्या घरात जेवून माझंच चोरलंस. चोर हायस तू."

सदू त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा खाली ओढला आणि वेल्डिंग सुरू केलं. ठिणग्या उडायला लागल्या तसं महिपतला मागे सरावं लागलं.

पुरावा हातात घ्यायचा म्हणून त्याने रजा टाकली. चिपळूणवरून गुहागर, तिथून धोपावे आणि होडीने खाडी ओलांडून दाभोळ. वाटभर तो रावजीला काय काय विचारायचं ते घोळवत होता. रावजी हा मच्छीमारांच्या लाँची दुरुस्त करणारा म्हातारा निघाला. धक्क्यावर विहिरीचं पाणी आणणारा त्याचा जुना पाइप होता, आणि त्यावर खरंच कडं होतं. गंजाने तांबूस झालेलं, पण आकार तोच.

"हे तुम्हाला कोणी दिलं?"

"का रे?"

"सदू भाटकराने ना? रत्नागिरीच्या?"

"कोण सदू?" रावजीने कपाळाला आठ्या घातल्या. "हे माझ्या बापाच्या वेळचं. आगबोटी लागायच्या इथं. एका मोडक्या आगबोटीवरून बाबांनी उतरवून घेतलेलं. जोडी होती. दुसरं पडवीत पडलंय."

महिपतचा विश्वास बसेना. म्हातारा शिकवल्यासारखं बोलतोय असं त्याला वाटलं. "दाखवा," तो बोलला, जरा उर्मटपणेच. रावजीने पडवीतून दुसरं कडं आणून त्याच्या हातात ठेवलं. जड, ओतीव लोखंडाचं. महिपतने आतून बोट फिरवलं. आत तिरकी खाच होती. खाचेत चामड्याचा वाळून दगड झालेला तुकडा अडकला होता, आणि त्याची कड ओठासारखी होती.

रावजीने सुरीने बाहेरचा गंज खरवडला. इंग्रजी अक्षरं उमटली. पी, ए, टी. पेटंट हा शब्द मास्तरांनी त्याला अर्जाच्या कागदांवर इतक्यांदा दाखवला होता की तो पूर्ण वाचायची गरज नव्हती. पुढे नंबर आणि साल. एकोणीसशे एकोणतीस. तेव्हा सदूचा जन्म झाला नव्हता, महिपतचाही नव्हता.

तो धक्क्यावरच बसला. परक्या मुलखातल्या कोणा माणसाने, बहुधा असंच तोंडावर पाणी उडत असताना, हाच विचार केला होता. आपलं डोकं जिथवर पोचलं तिथे तो आधीच पोचून गेला होता. वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही. पण त्याहून जड होतं ते सदूला चारचौघांत चोर म्हटल्याचं. "पाणी आणू का?" रावजीने विचारलं. महिपतने नको म्हणून मान हलवली.

परतताना होडीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्या कड्याला नट-बोल्टची भोकं होती. पाचर नव्हती.

रत्नागिरीला उतरला तो घरी न जाता मास्तरांकडे गेला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, मग ड्रॉइंग पसरलं. "रबराच्या कडेवर हक्क सांगता यायचा नाही. ते जुनं ठरलं. पण ही कानांची आणि पाचरेची रचना त्यात नव्हती म्हणतोस? मग अर्ज तेवढ्यापुरता दुरुस्त करता येईल. ही कल्पना नवी म्हणून टिकेल." ते थांबले. "पाचर कशी सुचली तुला?"

महिपत ड्रॉइंगकडे बघत राहिला. माझीच म्हटलं असतं तर विचारणारं कोणी नव्हतं. सदू तर आता त्याच्या सावलीलाही उभा राहत नव्हता.

"माझी नाय ती. सदूची."

"मग अर्जात त्याचं नाव का नाही?"

"मला वाटलं, तो चोरेल."

मास्तरांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली. "तोंड बंद ठेव हे मीच तुला सांगितलं," ते म्हणाले. "पण हा माणूस ते बनवताना तुझ्याबरोबर होता, हे तू मला सांगितलं नाहीस." मग ते सुपारी कातरत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडत असतानाच महिपत सदूला गाठायला गेला. दाभोळचं सगळं सांगितलं, अर्जाचंही सांगितलं, आणि चुकलो म्हणाला.

सदूने फळ्या बाजूला लावल्या. "चोर बोललास तेव्हा दुकानात चौघं होते. आता कोण हाय?"

"कोणी नाय."

"मग मला ऐकू आलं नाय."

महिपत दुपारी परत आला. होड्या लागल्या होत्या, लिलाव आटोपून माणसं चहाला जमली होती. त्या दिवशीचे दोन्ही नाखवे होते. महिपत मधोमध उभा राहिला. "मी सदूला चोर बोललो होतो. ते खोटं होतं. त्याने काय चोरलं नाय. पाचर त्याची होती, आणि कागदावर नाव मी माझं एकट्याचं घातलं." एक नाखवा उगाचच खोकला. सदूने हातातला रॉड खाली ठेवला. "चहा घे," तो बोलला. त्याच्याकडे न बघता.

अर्जात दुरुस्ती झाली आणि दोघांची नावं लागली. ते काम लांबत लांबत सत्त्याऐंशीपर्यंत गेलं, पण पेटंट मिळालं. फार मोठं काही झालं नाही. बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यांनी कडी घेतली, हर्णैपर्यंत काही लाँचींवर बसली. सफारीवाल्यानेही घेतली. सदूच्या अंगणात त्याने खरोखरच पंपांचं दुकान टाकलं होतं.

सदू रविवारी पुन्हा जेवायला यायला लागला. कमळेने केलेलं सगळं खायचा, तिच्याशी पहिल्यासारखा हसायचा. पण हात धुतला की विचारायचा, "कागद आणलास?" वकिलाकडून आलेला प्रत्येक कागद तो महिपतला समोर बसवून मास्तरांनी सांगितलेल्या अर्थासह ओळीओळीने वाचायला लावायचा. एखादी ओळ महिपत भरभर पुढे सरकवायला लागला की सदूचं बोट कागदावर पडायचं.

"ह्याच्यात काय लिवलंय?"

"ते नुसतं तारखेचं हाय रे."

"असू दे. वाच."

कमळा आतून ऐकत असायची. एकदा भांडी घासता घासता ती नवऱ्याला बोलली, "आधी काय विचारायचा नाय ओ तो."

"नाय," महिपत बोलला, आणि पुढची ओळ वाचायला लागला.