दामूच्या गिटारमधली साद

वाणगावहून दामूच्या पुतण्याचा फोन आला, "काका गेले." मी नुसतं "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि मग हुंदका आला.

जॅझ गिटारवादक म्हणून दामूचं नाव पुढे मुंबईत झालं, परदेशात झालं. मी त्याला ओळखतो साठच्या दशकापासून. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, परदेशी इंजिनिअर आले होते आणि त्यांच्या क्लबात शनिवारी संध्याकाळी आम्ही वाजवायचो. मी ड्रमवर. दामू किनाऱ्यावरच्या मच्छीमाराच्या घरातला; गिटार शिकला तो एका इंजिनिअरच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून. त्याची एक खोड मला छळायची. ताल पुढे निघायचा आणि हा पठ्ठ्या क्षणभर मागेच रेंगाळायचा. मी चिडायचो, तो हसायचा. लोक मात्र कान देऊन ऐकायचे ते त्यालाच, माझ्याकडे कोण बघतो!

एका शनिवारी त्याचे वडील क्लबाच्या दारात येऊन उभे राहिले. थोरल्या मुलाने नोकरीसाठी गाव सोडलं होतं आणि होडीवर माणूस कमी पडत होता. दामूला कायमचं घरी न्यायलाच ते आले होते. दामूचा चेहरा पडला. "बाबा, एवढं एक वाजवतो, मंग येतो," तो म्हणाला. मला वाटलं, संपलं सगळं. असा हात आता पुन्हा गिटारला लागायचा नाही...

त्याने धून सुरू केली. नेहमीसारखाच रेंगाळला, आणि दारातून वडिलांनी खणखणीत साद घातली, "हैय्या हो!" साहेबलोक दचकले. त्या सादेवर दामूने असे सूर खेचले की माझ्या अंगावर काटा आला. तेव्हा कुठे मला उमगलं: होडीवर जाळं ओढताना सगळ्यांचा दम जुळेपर्यंत थांबतात, साद घालतात आणि मग ओढतात. इतकी वर्षं मी त्याच्याशी भांडत होतो ते यावरून!

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "तू तं हितं बी जालंच ओढतंस. होडीला मी दुसरा मानूस बगतो. तू वाजव."

वडील वारल्यावर त्या धुनेत, सादेच्या त्या जागी, दामू तारांवरून हात उचलायचा आणि गप्प राहायचा. भरल्या सभागृहातही. जाणकारांनी त्या शांततेवर पानंच्या पानं लिहिली. तेराव्याला त्याच्या घरी कुणीतरी त्याच धुनेची ध्वनिफीत लावली. ती जागा आली. भरल्या अंगणात फितीतली गिटार थांबली. भिंतीला टेकून बसलेल्या दामूच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, डोळे न उघडताच हळूच म्हटलं, "हैय्या हो."

आणि दामू पुन्हा वाजवू लागला.